इन्स्टिट्यूट ऑफ फूड टेक्नॉलॉजिस्ट्स

इन्स्टिट्यूट ऑफ फूड टेक्नॉलॉजिस्ट्स (संक्षेप: आयएफटी) ही अन्नशास्त्रज्ञ व अन्नतंत्रज्ञ यांची अमेरिकेतील व्यावसायिक संस्था आहे. तिची स्थापना १९३९ साली झाली असून मुख्यालय शिकागो येथे आहे. अन्नाचे परिरक्षण, प्रक्रिया, सुरक्षितता, पोषण व आवेष्टन या क्षेत्रांत काम करणारे संशोधक, प्राध्यापक, उद्योगांतील तज्ज्ञ आणि विद्यार्थी तिचे सभासद आहेत. सभासदत्व कंपनीला नव्हे, तर व्यक्तीला दिले जाते.

== पार्श्वभूमी ==

अन्न टिकवण्याच्या पद्धती शास्त्रापेक्षा पुष्कळ जुन्या आहेत. फ्रान्समधील निकोला आपेर यांनी बंद बरणीतील अन्न उकळून टिकवण्याची आपली पद्धत १८१० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. मात्र अन्न का टिकते, याचे कारण त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे लुई पाश्चर यांच्या संशोधनामुळे अन्न नासण्याशी सूक्ष्मजीवांचा असलेला संबंध स्पष्ट झाला. तरीही डबाबंदीचे कारखाने दीर्घकाळ अनुभव आणि अंदाज यांवरच चालत राहिले. प्रत्येक कारखाना आपली रीत गुप्त ठेवी आणि माल नासला की नुकसान मुकाट्याने सोसत असे.

बॉस्टनच्या अंडरवुड कंपनीतील शिंपल्यांचे डबे फुगू लागले, तेव्हा या स्थितीत बदल होण्यास प्रारंभ झाला. कंपनीच्या संस्थापकांचे नातू विल्यम लायमन अंडरवुड यांनी १८९५ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत (एमआयटी) जाऊन मदत मागितली. तेथील तरुण संशोधक सॅम्युअल केट प्रेस्कॉट यांच्यासह त्यांनी केलेल्या प्रयोगांतून असे दिसून आले की, काही जीवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्याच्या तापमानालाही नष्ट होत नाहीत. दाबाखालील वाफेच्या भांड्यात, म्हणजे रिटॉर्टमध्ये, २५०° फॅरनहाइट (सुमारे १२१° सेल्सियस) तापमान १० मिनिटे राखल्यास शिंपल्यांचे डबे सुरक्षित राहतात, असे त्यांना आढळले. या शोधाचे एकस्व न घेता त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यामुळे ते सर्व कारखान्यांना उपलब्ध झाले. ज्ञान खुले ठेवण्याची हीच भूमिका पुढे संस्थेच्या कार्याचा पाया ठरली.

== स्थापना ==

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अन्नाशी संबंधित संशोधन विखुरलेले होते. रसायनशास्त्रज्ञ, जीवाणुशास्त्रज्ञ, अभियंते व दुग्धतज्ज्ञ आपापल्या विषयांच्या संस्थांत वावरत. त्यांना एकत्र आणणारे व्यासपीठ नव्हते. सप्टेंबर १९३७ मध्ये एमआयटीत अन्नतंत्रज्ञानावर परिषद भरली. प्रेस्कॉट व त्यांचे सहकारी बर्नार्ड प्रॉक्टर हे तिचे प्रमुख प्रवर्तक होते. त्याच वर्षी या दोघांचे ‘फूड टेक्नॉलॉजी’ हे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. १९३९ च्या उन्हाळ्यात तेथेच दुसरी परिषद झाली. तीत आयएफटीची स्थापना करण्यात आली आणि प्रेस्कॉट पहिले अध्यक्ष झाले.

== युद्धकाळ व विस्तार ==

स्थापनेनंतर लवकरच दुसऱ्या महायुद्धाला तोंड फुटले. उष्ण कटिबंधापासून हिमप्रदेशापर्यंत पसरलेल्या सैन्याला टिकाऊ, हलके आणि पौष्टिक अन्न पुरवण्याची निकड निर्माण झाली. दुधाची व अंड्यांची भुकटी, निर्जलित भाज्या आणि तयार शिधा यांवरील संशोधनाला वेग आला. युद्धानंतर हे ज्ञान नागरी उद्योगांकडे वळले व प्रशिक्षित अन्नतंत्रज्ञांची मागणी वाढली. १९६० च्या दशकात संस्थेने पदवी अभ्यासक्रमासाठी किमान निकष ठरवले. अन्नाचे रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व अभियांत्रिकी हे विषय एकत्र शिकलेला पदवीधर तयार व्हावा, हा त्यामागील हेतू होता.

== अन्नसुरक्षा ==

ज्ञान उपलब्ध असणे आणि ते पाळले जाणे यांतील अंतर १९७१ मध्ये प्रकर्षाने जाणवले. न्यूयॉर्क राज्यात डबाबंद बटाट्याच्या सूपमुळे बोटुलिझम ही विषबाधा होऊन एका व्यक्तीचा मृत्यू झाला. पुरेशी उष्णता न मिळालेल्या डब्यात जीवाणूंचे बीजाणू जिवंत राहून विष तयार झाले होते. प्रेस्कॉट व अंडरवुड यांनी पाऊण शतकापूर्वी अभ्यासलेला हाच प्रश्न होता. १९७३ मध्ये अमेरिकेत कमी आम्लाच्या डबाबंद पदार्थांसाठी कडक नियम लागू झाले. अन्नसुरक्षा व पोषण या विषयांवर तज्ज्ञांकडून शास्त्रीय आढावे तयार करून घेणे हे आयएफटीच्या महत्त्वाच्या कार्यांपैकी एक आहे.

संस्थेचे अनेक सभासद अन्नउद्योगांत नोकरी करतात आणि वार्षिक अधिवेशनासोबत उद्योगांचे मोठे प्रदर्शनही भरते. त्यामुळे उद्योगाशी जवळीक राखून शास्त्रीय तटस्थता कशी जपावी, हा प्रश्न अशा संस्थांपुढे कायम असतो.

== नियतकालिके व पुरस्कार ==

‘फूड टेक्नॉलॉजी’ हे संस्थेचे नियतकालिक १९४७ साली सुरू झाले. १९३६ पासून निघणाऱ्या ‘फूड रिसर्च’ या शोधपत्रिकेचे १९६१ मध्ये ‘जर्नल ऑफ फूड सायन्स’ असे नामांतर झाले. निकोला आपेर यांच्या नावाचा पुरस्कार १९४२ पासून दिला जातो; पहिले मानकरी कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विल्यम क्रूस होते. तरुण संशोधकांसाठी प्रेस्कॉट यांच्या नावाचाही पुरस्कार आहे.

== आंतरराष्ट्रीय संदर्भ व भारत ==

अन्नशास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९६२ मध्ये लंडन येथे झाली. १९७० च्या वॉशिंग्टन परिषदेत विविध देशांतील संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला.

भारतात म्हैसूर येथे १९५० साली केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. तिच्याच आवारात मुख्यालय असलेली ‘असोसिएशन ऑफ फूड सायंटिस्ट्स अँड टेक्नॉलॉजिस्ट्स’ ही भारतीय संघटना १९५७ मध्ये स्थापन झाली. ती आयएफटीची शाखा नसून स्वतंत्र संस्था आहे. तिची शोधपत्रिका १९६४ पासून प्रसिद्ध होते. महाराष्ट्रात या संघटनेची मुंबई शाखा कार्यरत असून, मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था व परभणीचे अन्नतंत्र महाविद्यालय येथे या विषयाचे पदवी शिक्षण उपलब्ध आहे.