भाच्याचा रविवार



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पाऊस, मग पाहुणे... कारणं काय, शोधली की सापडतात. खरं म्हणजे जे लिहायचं होतं ते लिहावं की नाही, याचाच निर्णय होत नव्हता. शेवटी भाच्यालाच फोन केला. तो म्हणाला, "मावशी, नाव घालू नकोस, बाकी खुशाल लिही." तेव्हा नाव घालत नाही. महाड-पोलादपूरची आमची नातेवाईक मंडळी हा ब्लॉग वाचतात, त्यांना नावाची गरजही नाही.

निमित्त एका साखरपुड्याचं. पंगतीत भाच्याचा विषय निघाला आणि एक काकू म्हणाल्या, "असलं काही आपल्याकडे नव्हतं हो. हे सगळं मुंबईचं आणि टीव्हीचं खूळ." काकू वयाने मोठ्या. मी समोरची कोशिंबीर ढवळत राहिले. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेली बाई गप्प बसली! म्हणून आता लिहिते. काकूंचा नातू त्यांना हे वाचून दाखवतो, ते मला माहीत आहे.

तर काकू, 'आपल्याकडे' म्हणजे महाडपासूनच सुरू करू.

२० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतो. डॉ. आंबेडकर परिषदेच्या मंडपातून मिरवणुकीने तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्यायले, आणि त्यानंतर सवर्णांनी १०८ घागरी वापरून तळं 'शुद्ध' करून घेतलं. त्याच वर्षी जुलैत मुंबईत एक लहानसं मासिक निघालं, 'समाजस्वास्थ्य'. संपादक र. धों. कर्वे, म्हणजे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. मूळ गाव दापोलीजवळचं मुरुड, म्हणजे तसे आपले शेजारीच. संततिनियमन, गुप्तरोग, शरीराबद्दलच्या शंका, ज्या गोष्टी बायकाच काय, पुरुषही कुजबुजत बोलायचे, त्या हा माणूस छापायचा आणि वाचकांच्या पत्रांना सरळ उत्तरं द्यायचा. त्यावरूनच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. ज्या प्रश्नोत्तरांवर आक्षेप होता त्यांत हस्तमैथुन होतं आणि समलिंगी संबंधही होते.

कर्व्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिलेले वकील होते डॉ. आंबेडकर.

ही गोष्ट मला स्वतःला निवृत्त झाल्यावर कळली, हे कबूल करते. दरवर्षी वीस मार्चला तळ्यावर मुलं घेऊन जायचे, पण पुस्तकात नव्हतं म्हणून मलाही माहीत नव्हतं. बाबासाहेबांनी हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांच्या संशोधनाचे दाखले दिले. लोकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तर देणं अश्लील कसं होईल, असा त्यांचा रोख होता. खटला हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. मासिक मात्र ते १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवत राहिले.

आता मला त्या खटल्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू? वाचकांची पत्रं. १९३४ साली कुणीतरी मराठी माणसाने पोस्टाने विचारलं होतं, की मला असं वाटतं, हे काय आहे? तेव्हा ना टीव्ही होता, ना इंटरनेट. (जातीची लढाई आणि ही लढाई एकच आहे असं मी म्हणत नाही, तसं म्हटलं तर दोन्हींवर अन्याय होईल. पण वकील एकच होता.)

मधली पन्नासेक वर्षं मी भरभर ओलांडते. १९८१ मध्ये तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' आलं, बाईवर प्रेम करणाऱ्या एका मुलीचं नाटक. रोहिणी हट्टंगडींनी ती मित्रा केली होती. १९८६ मध्ये अशोक राव कवी या पत्रकाराने एका इंग्रजी मासिकात आपण समलिंगी असल्याचं उघड सांगितलं. त्यांनीच १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' काढलं आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. पुढे मुंबई महापालिकेने सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्याच्या आपल्या जुन्या इमारतीत ट्रस्टला जागा दिली. हे मला फार गमतीचं वाटतं. १८६० च्या दंडविधानातलं ३७७ कलम या लोकांना गुन्हेगार म्हणत होतं आणि महापालिका त्यांना खोली देत होती! कारण अर्थातच एड्स. आजार पसरू द्यायचा नसेल तर या माणसांशी बोलावं लागेल, एवढं सरकारी यंत्रणेला कळलं होतं.

पण तपासणी आणि निरोध एवढ्यावर माणूस जगत नाही. म्हणून तिथे रविवारची बैठक सुरू झाली, तिला 'संडे हाय' म्हणत. एकत्र बसायचं आणि बोलायचं, बस्स. १९९८ मध्ये 'गे बॉम्बे' नावाचा गट जमला. त्यांनी सहली, सिनेमे, पार्ट्या तर केल्याच, पण आईवडिलांसाठीही बैठका घेतल्या. इकडे पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट काढला आणि या विषयावर चक्क मराठीत, साध्या भाषेत पुस्तकं लिहिली. पोलादपूरच्या मुलाला इंग्रजी मासिकाचा काय उपयोग? त्यांची 'पार्टनर' ही कादंबरी आमच्या भाच्याने कॉलेजात असताना वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचली. वर 'अप्लाइड मेकॅनिक्स' असं लिहिलं होतं म्हणे!

२००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ३७७ बाजूला सारलं. त्यानंतरच्या काळात हमसफरच्या सावलीत तरुण मुलामुलींचा एक गट तयार झाला, 'यारियाँ'. भाचा तिथला.

तो १९९० चा. पोलादपूरहून एसटीने मुंबईला गेला, डिप्लोमा केला, नोकरीला लागला. आमच्याकडे गणपतीत जाखडी असते, तुम्ही बाल्या नाच म्हणता ती. पायात चाळ बांधून तो नाचायला लागला की म्हातारी माणसंसुद्धा उठून उभी राहायची. लहानपणी तोच राधा व्हायचा. राधा झाला की टाळ्या, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत तीच पोरं 'बायल्या' म्हणून चिडवायची. ती पोरं माझ्या वर्गातली होती. मी डस्टर आपटून "शांत बसा" म्हणायचे. म्हणजे त्यांच्यासोबत त्यालाही शांत बसवायचे. हे आत्ता लिहिताना कळतंय असं नाही, तेव्हाही थोडं कळत होतं.

वाकोल्याला तो दोनदा जाऊन परत फिरला. इमारतीसमोर वडापाव खाल्ला आणि लोकल पकडून घरी आला. तिसऱ्या रविवारी वर चढला. मी विचारलं, काय असतं रे तिथे? मला वाटलं होतं काहीतरी भयंकर असणार. तर म्हणे गोल करून बसतात. आधी नावं सांगायची, खरं सांगितलंच पाहिजे असं नाही. इथे ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. मग कुणी ऑफिसातलं सांगतं, कुणी स्थळं बघायला लागलेत म्हणून रडतं, कायद्याचा विषय निघतो, डॉक्टरांना काय विचारायचं ते कळतं. आणि शेवटी अंताक्षरी. "अंताक्षरी?" मी म्हटलं. "मग काय, मावशी! आपल्या घरी होते तशीच. फक्त मला गाणं म्हणताना 'तो'चं 'ती' करावं लागत नाही."

पुढे तो गटाच्या कामात रमला. कधी सिनेमा आणि त्यावर चर्चा, कधी पावसाळी सहल, कधी खेळ. प्राइडच्या दिवसांत 'गुलाबी मेळा' भरतो, जत्रेसारखे स्टॉल, खाणं, नाचगाणं. एका संध्याकाळी मित्रांच्या खोलीवर त्याने सगळ्यांना बाल्या नाच शिकवला. चाळ नव्हते म्हणून किल्ल्यांचे जुडगे पायाला बांधले. दहा-बारा जण फेर धरून, खालच्या मजल्यावरचे तक्रार घेऊन आले आणि बघत उभे राहिले.

मोर्च्याचंही सांगते. 'क्वीअर आझादी मुंबई'चा पहिला मोर्चा १६ ऑगस्ट २००८ ला ऑगस्ट क्रांती मैदानावरून गिरगाव चौपाटीला गेला. सगळ्या देशाने स्वातंत्र्यदिन केला त्याच्या दुसऱ्या दिवशी, आमचा अजून बाकी आहे म्हणून. त्या मैदानाचं जुनं नाव गोवालिया टँक, म्हणजे तेही तळंच! (इतिहासाच्या बाईला अशा गोष्टी सुचतात, सोडून द्या.) सुरुवातीच्या त्या मोर्च्यांत मुखवटे घालून चालणारेही असत. भाचा पहिल्या वर्षी मुखवटा घालून चालला. दुसऱ्या वर्षी त्याने तो कपाळावर सरकवून ठेवला होता, फोटो आहे माझ्याकडे.

तारखांचं एक विचित्र आहे. पुण्याचा पहिला प्राइड मोर्चा ११ डिसेंबर २०११ चा. बरोबर दोन वर्षांनी, ११ डिसेंबर २०१३ ला, सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरवला आणि ३७७ पुन्हा जिवंत झालं. भाच्याने नेमकं त्याच आठवड्यात घरी सांगितलं. मी त्याला म्हटलं, अरे, वेळ तरी बघायचीस. तो म्हणाला, "मावशी, त्या दिवशी बातम्या बघून बाबा म्हणाले, बरं झालं. मग मला राहवलं नाही."

भावजींनी त्याला सांगितलं, गणपतीला घरी येऊ नकोस. (भावजी, हे लिहायला तुमची परवानगी घेतलेली नाही. रागवायचं तर माझ्यावर रागवा.) २०१४ पासून तो आला नाही. ताई त्याच्या नावाचे मोदक बाजूला काढायची आणि दुसऱ्या दिवशी गाईला घालायची.

मग ६ सप्टेंबर २०१८. पाच न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना ३७७ लागू होणार नाही. आठवड्यावर गणपती आले होते. त्याचा फोन आला, मागे ढोल-ताशे ऐकू येत होते. मी म्हटलं, "बरं झालं रे बाबा." आणि पुढे काय बोलावं ते सुचेना म्हणून विचारलं, एसटीचं बुकिंग केलंस का. तो गप्प झाला. कायदा बदलला होता, पोलादपूर बदललं नव्हतं.

बदल कसा झाला म्हणाल, तर चिखलाने. २२ जुलै २०२१. महाडकरांना तारीख सांगायला नको. सावित्री आणि गांधारी दोघी गावात शिरल्या, बाजारपेठ बुडाली, तळियेत दरड कोसळली. ताईचं महाडचं घर तळमजल्याचं, पाणी माळ्यापर्यंत. मी दुसऱ्या मजल्यावर असल्याने वाचले. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल, फ्रिज आडवा, देव्हारा सापडत नव्हता. रस्ता सुरू झाल्यावर भाचा टेम्पो घेऊन आला, सोबत फावडी, ब्लीचिंग पावडर, पिण्याचं पाणी आणि सहा मित्रमैत्रिणी. सात वर्षांनी मुलगा उंबऱ्यात उभा होता आणि उंबरा चिखलाखाली होता.

चार दिवस ती पोरं राबली. एकाने देव्हारा शोधून काढला, एकीने ताईची पत्रिकांची पेटी उन्हात वाळवली. एकाचे केस लांब, कानात डूल. भावजी त्याच्याकडे बघायचे नाहीत, पण चिखलाची पाटी त्याच्याच हातात द्यायचे, कारण तो सगळ्यात दणकट. संध्याकाळी तो मुलगा पालथ्या बादलीवर ठेका धरायचा. तिसऱ्या दिवशी ताईने मला मोरीपाशी हळूच विचारलं, "ही सगळी त्याच्या त्या... रविवारची का गं?" मी म्हटलं, हो. तिने चहात आणखी साखर घातली.

निघायच्या दिवशी मी त्यांना चवदार तळ्यावर नेलं. १९२७ सांगितलं, मग १९३४ सांगितलं. डूलवाला म्हणाला, "हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही." मला काय उत्तर देणार मी.

त्यानंतर भाचा महाडला येतो, दोन दिवस राहतो. भावजी आणि तो क्रिकेटवर बोलतात. पण वाडीवर, गणपतीत, जाखडीत, तो अजून आलेला नाही. २०२३ मध्ये लग्नाच्या हक्काबद्दलची याचिका सर्वोच्च न्यायालयात फेटाळली गेली तेव्हा ताईने स्वतःहून मला फोन केला होता, "म्हणजे आता याचं काय?" मला सांगता आलं नाही.

हा लेख अर्धा लिहून झाला होता आणि काल रात्री भावजींचा फोन आला. ते मला कधी फोन करत नाहीत. आधी पावसाचं बोलले, मग खड्ड्यांचं. मग म्हणाले, वाडीचा मृदंगवाला यंदा यायचा नाही, त्याला रजा नाही. मी हूं हूं करत होते.

"तो एक पोरगा होता ना पुराच्या वेळी, बादली वाजवायचा. त्याला मृदंग येतो का, विचार जरा."

"त्यालाच फक्त विचारू?" मी म्हटलं.

बराच वेळ नुसता पाऊस ऐकू येत होता. मग म्हणाले, "एकटा कसा येईल तो? वाट ठाऊक नाही त्याला."

निरोप पोचवला आहे. भाच्याचं उत्तर अजून आलेलं नाही.