अजिंठ्याची नर्तकी आणि ॲना पाव्लोवा



छत्रपति संभाजीनगरच्या एका शाळेंत मीं पुष्कळ वर्षें इतिहास शिकविला. दर हिवाळ्यांत मुलांना सुमारें १०० किलोमीटरांवरील अजिंठ्यास न्यावयाचें, पहिल्या लेण्यांतील महाजनक जातकाच्या चित्रापुढें उभें करावयाचें आणि राजाचें वैराग्य समजावून सांगावयाचें, असा माझा परिपाठ असे. त्या चित्रांत वाजविणाऱ्या स्त्रियांच्या मध्यें एक नर्तकी आहे. एका वर्षीं एका मुलीनें विचारलें, "गुरुजी, ही नाचायला कोठें शिकली?" मीं उत्तर न देतां मुलांची रांग पुढें नेली. तें राहून गेलेलें उत्तर आज देण्याचा विचार आहे. पण त्यासाठीं आधीं दूर रशियांत जावें लागेल.

ॲना पाव्लोवा हिचा जन्म १८८१ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें झाला. आई लोकांचे कपडे धुवून पोट भरी. संगीताच्या साथीवर, मुखानें न बोलतां, केवळ नृत्यानें कथा सांगण्याचा जो पाश्चात्य प्रकार, त्यास बॅले म्हणतात. आठव्या वर्षीं आईनें तो दाखविला आणि मुलीनें तेंच आपलें जीवितकार्य ठरविलें. शाही नृत्यशाळेनें तिला पहिल्या खेपेस परत पाठविलें. १८९१ सालीं प्रवेश दिला. अंगकाठी नाजूक, तरी आठ वर्षांच्या कठोर शिक्षणानंतर १८९९ सालीं ती रंगभूमीवर आली आणि १९०६ सालीं प्रमुख नर्तकी झाली. पुढें स्वतःची मंडळी घेऊन ती जगभर फिरली. कीर्तीच्या शिखरावरहि रोजचा सराव तिला सुटला नाहीं.

१९२२ च्या अखेरीस ती हिंदुस्थानांत आली. पुढल्याच वर्षीं लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहांत तिनें अजिंठ्याच्या चित्रांवरून रचलेला एक बॅले सादर केला. त्याची नृत्यरचना व संगीत दोन्ही रशियन कलावंतांचीं होतीं. त्याच हंगामांत 'राधाकृष्ण' नृत्यांत ती राधा झाली. कृष्ण झाले उदयशंकर. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकून ते चित्रकलेच्या पुढील अभ्यासासाठीं लंडनला गेले होते. त्यांना बॅलेची ओढ लागली, तेव्हां पाव्लोवानें त्यांना आपल्या देशाच्या नृत्याकडे वळविलें, असें सांगतात. पुढें ते शंकरन् नंबूद्री यांच्यापाशीं कथकळी शिकले आणि अल्मोड्यास त्यांनीं नृत्यकेंद्र काढलें. पाव्लोवा १९३१ च्या जानेवारींत, दौऱ्यावर असतांनाच, हॉलंडांतील हेग येथें वारली.

धोबिणीच्या मुलीस तिकडे शाळा मिळाली. आपल्या सुशिक्षित घरांत मात्र मुलीचा नाच स्नेहसंमेलनापुरता कौतुकाचा. तोच व्यवसाय करीन असें ती म्हणाली, कीं वडीलमंडळी विषय बदलतात. मीं रांग पुढें नेली तीहि याच संकोचानें.

अजिंठ्याच्या चित्रकारांचीं नांवें कळत नाहींत, अशी हळहळ मीं वर्गांत कितीदां तरी व्यक्त केली. नर्तकीच्या गुरूची आठवण मला एकदांहि झाली नाहीं. पण देहाची ती कमान शिकल्यावांचून येत नाहीं. म्हणून त्या मुलीस आज सांगतों: बाळ, अशी नर्तकी कोठेंतरी, कोणापाशीं तरी, पुष्कळ वर्षें शिकली असली पाहिजे, आणि तुलाहि शिकावयाचें असेल, तर तें विचारण्यांत कांहीं चुकलें नव्हतें.