औरंगाबाद लोकसभा मतदारसंघ : शहराच्या कडेच्या वसाहतींचा बदलता कौल

छत्रपती संभाजीनगर शहराच्या भोवती सत्तरच्या दशकापासून वसत गेलेल्या सिडको-हडको, मुकुंदवाडी, गारखेडा, सातारा-देवळाई, पडेगाव-मिटमिटा, बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी अशा वसाहतींनी लोकसभेच्या निवडणुकांत दिलेला कौल आणि त्यात १९८९ पासून झालेले बदल, हा या नोंदीचा विषय. शहराच्या नामांतराला केंद्र सरकारने २४ फेब्रुवारी २०२३ रोजी मान्यता दिली. पण मतदारसंघ परिसीमनाच्या आदेशातल्या नावानेच ओळखला जातो, त्यामुळे २०२४ ची लोकसभा निवडणूकही ‘औरंगाबाद’ याच नावाने झाली.

२००८ च्या परिसीमनानंतर या मतदारसंघात कन्नड, औरंगाबाद मध्य, औरंगाबाद पश्चिम (अनुसूचित जातींसाठी राखीव), औरंगाबाद पूर्व, गंगापूर आणि वैजापूर असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. जिल्ह्यातले उरलेले तीन, म्हणजे सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण, जालना लोकसभेत गेले. शहराच्या कडेच्या वस्तीचे राजकारण समजून घ्यायचे तर या रेषांपासूनच सुरुवात करावी लागते. सातारा-देवळाई आणि बजाजनगर ‘पश्चिम’मध्ये, बजाजनगरपासून हाकेच्या अंतरावरचे रांजणगाव शेणपुंजी आणि जोगेश्वरी गंगापूरमध्ये, गारखेडा ‘पूर्व’मध्ये, आणि करमाड-शेंद्रा फुलंब्रीत, म्हणजे जालन्याच्या खासदाराच्या पदरात. बिडकीन पैठण तालुक्यात असल्याने तेही जालन्याकडे. औरिक या नावाने ज्या शेंद्रा-बिडकीन औद्योगिक नगरीचा शहराच्या प्रत्येक प्रचारसभेत जप होतो, तिची दोन्ही टोके शहराच्या खासदाराला मतच देत नाहीत. कडेच्या वस्तीची लोकसंख्या लाखांत गेली, पण तिचा असा स्वतःचा मतदारसंघ कुठेच नाही. त्यामुळे तिचा कल बदलला तरी तो निकालपत्रावर सरळ उमटत नाही. शहरातली एकगठ्ठा मते आणि कन्नड-वैजापूरची ग्रामीण मते यांच्या मध्ये तो बेरजेसारखा किंवा वजाबाकीसारखा येऊन बसतो.

या वसाहतींचे मूळ कारखानदारीत आहे. रेल्वे स्टेशन आणि चिकलठाणा या औद्योगिक वसाहती आधी झाल्या. सत्तरच्या दशकात सिडकोने ‘नवे औरंगाबाद’ आखायला घेतले आणि एन-१, एन-२ अशा क्रमांकांच्या सेक्टरांत नोकरदारांची घरे उभी राहिली. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच्यामागून सुटे भाग करणारे लहान-मोठे कारखाने आले, आणि खानदेश, बुलढाणा, परभणी, नांदेडकडचे तरुण भाड्याच्या खोल्यांत राहू लागले. पुढे त्यांनी प्लॉट घेतले. हे प्लॉट बहुतांशी गुंठेवारीतले. शेतजमिनीचे तुकडे बॉण्डवर विकले गेले, घर आधी आणि रस्ता नंतर. २००१ चा गुंठेवारी कायदा आणि त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू करणारी दुरुस्ती, ही दोन्ही इथल्या घराघरांत माहीत असलेली सरकारी कलमे. सातारा-देवळाईची गत आणखी निराळी : २०१४ मध्ये तिथे नगर परिषद स्थापन झाली आणि वर्षभरातच, २०१५ मध्ये, ती मोडून गाव महापालिकेत घातले गेले. कर महापालिकेचा आणि पाणी टँकरचे, ही तिथली तक्रार तेव्हापासूनची.

मतदारसंघाचा सुरुवातीचा इतिहास काँग्रेसचा. १९५७ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ इथून निवडून गेले. १९७७ ला जनता लाटेत बापू काळदाते, १९८० ला इंदिरा काँग्रेसचे काझी सलीम आणि १९८४ च्या सहानुभूतीच्या लाटेतही समाजवादी काँग्रेसचे साहेबराव डोणगावकर : लाटेवर स्वार होणारा आणि लाटेलाही न जुमानणारा, असा हा मतदार तेव्हापासूनच बेभरवशाचा.

खरा फेरबदल शिवसेनेने घडवला. १९८५ मध्ये शहरात पक्षाची पहिली शाखा निघाली. १९८२ साली स्थापन झालेल्या महापालिकेची पहिली निवडणूक १९८८ मध्ये झाली, तेव्हा ६० पैकी २७ जागा सेनेने घेतल्या. महापौर मात्र काँग्रेसचे डॉ. शांताराम काळे झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बाळासाहेब ठाकरे यांनी मराठवाडा सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर शहराला ‘संभाजीनगर’ म्हटले. पुढच्याच वर्षी मोरेश्वर सावे सेनेचे खासदार झाले. १९९१ ला पुन्हा तेच, १९९६ ला प्रदीप जैस्वाल. सिडकोतला नोकरदार आणि मुकुंदवाडी-गारखेड्यातला कामगार या दोघांना एकाच चिन्हाखाली आणणे ही सेनेची कमाई. ‘खान हवा की बाण हवा’ ही घोषणा तेव्हापासून आजतागायत प्रत्येक निवडणुकीत या ना त्या तोंडाने ऐकू येते. रस्ता, नळ, ड्रेनेज हे प्रश्न प्रचारात असतात. मतदानाच्या आदल्या रात्री ते बाजूला पडतात, हे इथल्या जुन्या कार्यकर्त्यांचे निरीक्षण बहुतेक वेळा खरे ठरले आहे. बहुतेक वेळा, सर्व वेळा नव्हे.

१९९८ हा अपवाद लक्षात घेण्याजोगा. त्या वर्षी काँग्रेस, रिपब्लिकन गट आणि समाजवादी पक्ष राज्यात एकत्र लढले आणि रामकृष्णबाबा पाटील यांनी सेनेकडून जागा काढून घेतली. सेनेविरोधातली मते एकवटली तर हा बालेकिल्ला पडू शकतो हे तेव्हा दिसले. २०११ च्या जनगणनेनुसार महापालिका हद्दीतली लोकसंख्या ११,७५,११६. तीत मुस्लिम सुमारे ३१ टक्के आणि बौद्ध सुमारे १५ टक्के. ही दोन मते एका पेटीत पडली की काय होते, याचे उत्तर पुढे २०१९ ने दिले.

मधली वीस वर्षे सेनेचे चंद्रकांत खैरे यांची. १९९९ ते २०१४ अशा चार निवडणुका त्यांनी सलग जिंकल्या, पण या विजयांचे आकडे सारखे नाहीत. २००९ मध्ये त्यांना २,५५,८९६ मते मिळाली आणि काँग्रेसचे उत्तमसिंग पवार यांच्यावरची आघाडी ३३,०१४ ची होती. वेरूळच्या शांतिगिरी महाराजांनी अपक्ष उभे राहून जवळपास दीड लाख मते नेली होती. २०१४ च्या मोदी लाटेत हीच आघाडी १,६२,००० वर गेली. मात्र त्याच वर्षीच्या विधानसभेत सेना-भाजप युती तुटलेली असताना ‘मध्य’मधून एमआयएमचे इम्तियाज जलील निवडून आले आणि ‘पूर्व’ची जागा भाजपचे अतुल सावे यांनी घेतली. अतुल सावे हे मोरेश्वर सावे यांचे पुत्र. बापाची खासदारकी सेनेची, मुलाची आमदारकी भाजपची. सिडको-गारखेड्याचा मतदार सेनेकडून भाजपकडे कसा सरकला, हे या एका घरात वाचता येते.

२०१८ साल शहराला अस्वस्थ करणारे ठरले. फेब्रुवारीत नारेगावच्या कचरा डेपोला गावकऱ्यांनी कुलूप लावले आणि शहराचा कचरा रस्त्यावर आला. कचऱ्याच्या गाड्या कडेच्या गावांकडे वळल्या, तेव्हा मार्चमध्ये मिटमिट्यात दगडफेक आणि जाळपोळ झाली. पोलिसांनी घरात घुसून मारहाण केल्याच्या तक्रारी आल्या. मे महिन्यात जुन्या शहरात दंगल झाली. जुलैत गंगापूर तालुक्यातल्या कायगाव टोका इथे मराठा आरक्षणासाठी एका तरुणाने गोदावरीत उडी घेतली. पाठोपाठ कन्नडचे आमदार हर्षवर्धन जाधव यांनी राजीनामा दिला. ९ ऑगस्टच्या बंदमध्ये वाळूजच्या कारखान्यांची मोडतोड झाली. समांतर जलवाहिनीच्या योजनेचा करार महापालिकेने २०१६ मध्येच रद्द केला होता आणि जायकवाडी धरण उशाला असून नळाला आठवड्याने पाणी, हे चालूच होते. २ ऑक्टोबरला जबिंदा मैदानावर वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर आणि एमआयएमचे असदुद्दीन ओवैसी एका व्यासपीठावर आले.

२३ एप्रिल २०१९ च्या मतदानात हे सगळे एकत्र मोजले गेले. वंचित बहुजन आघाडीच्या पाठिंब्यावर लढलेले इम्तियाज जलील यांना ३,८९,०४२ मते, खैरे यांना ३,८४,५५० आणि ट्रॅक्टर चिन्हावर अपक्ष उभे राहिलेले हर्षवर्धन जाधव यांना २,८३,७९८. फरक ४,४९२. काँग्रेसचे सुभाष झांबड लाखाच्या आतच राहिले. ‘ट्रॅक्टरने बाण मोडला’ हे त्यावेळचे सोपे उत्तर आणि ते चूक नाही. पण अपुरे आहे. जाधवांची मते केवळ कन्नडच्या पिशोर भागातली नव्हती. मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर पेटलेला वाळूज पट्टाही त्यांच्याकडे वळला होता. वीस वर्षे धनुष्यबाणाशिवाय दुसरे बटण न पाहिलेल्या वस्त्यांनी उमेदवार बदलला, पक्ष किंवा विचार बदलला नाही. याचा पुरावा सहा महिन्यांत मिळाला : ऑक्टोबरच्या विधानसभेत ‘मध्य’, ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ या तिन्ही जागा युतीने जिंकल्या. वंचित आणि एमआयएमची युती त्याआधीच सप्टेंबरमध्ये मोडली होती.

एका निवडणुकीतून दुसऱ्या निवडणुकीत कौल बदलण्याची ही सवय कॅनडात टोरंटोभोवतीच्या उपनगरांत अभ्यासली गेली आहे. दूरध्वनीच्या प्रादेशिक क्रमांकावरून ‘९०५’ म्हटल्या जाणाऱ्या त्या पट्ट्याने २०११ मध्ये हुजूर पक्षाला बहुमत दिले आणि २०१५ मध्ये बहुतांश जागा उदारमतवाद्यांच्या झोळीत टाकल्या. स्थलांतरितांची घरे, कर्जाचे हप्ते आणि कामावर जायला लागणारा वेळ हे तिथले प्रश्न इथल्या बजाजनगरकराला परके वाटणार नाहीत. फरक इतकाच की त्या पट्ट्यातल्या ब्रॅम्प्टन किंवा मिसिसॉगाला स्वतःच्या अनेक जागा आहेत आणि तिथे सरकार ठरते. म्हणून पक्ष त्यांच्या दारात जातात.

स्थलांतरिताच्या मताचा आणखी एक पदर इथे आहे. वाळूजच्या कामगाराचे नाव कित्येकदा गावाकडच्या यादीतच असते. २०२४ मध्ये परभणी, हिंगोली, नांदेड, बुलढाण्याचे मतदान २६ एप्रिलला झाले आणि औरंगाबादचे १३ मेला. परभणीच्या माणसाला गावी जाऊन मत देऊन परत कामावर येता आले. जळगाव आणि रावेरचे मतदान मात्र १३ मेलाच होते. खानदेशातल्या कामगाराने सुट्टी घेऊन गावाकडची गाडी धरली, तर बजाजनगरच्या केंद्रावर त्याचा उपयोग शून्य. पक्षांचे बूथप्रमुख हा हिशेब तोंडपाठ ठेवतात, आणि गावाकडच्या नावाऐवजी इथले नाव नोंदवून घेण्यासाठी त्यांच्या कार्यकर्त्यांची खोल्याखोल्यांतून फेरी असते.

२०२४ मध्ये ३७ उमेदवार असल्यामुळे प्रत्येक केंद्रावर तीन मतदान यंत्रे मांडावी लागली. सेना दोन झाली होती आणि धनुष्यबाण शिंदे गटाकडे होता. ठाकरे गटाच्या खैरे यांच्या हातात मशाल. ज्या चिन्हावर त्यांनी चार निवडणुका जिंकल्या, त्याच चिन्हाविरुद्ध त्यांना प्रचार करावा लागला. शिंदे गटाचे संदिपान भुमरे पैठणचे आमदार, म्हणजे मतदारसंघाबाहेरचे. तरी त्यांना ४,७६,१३० मते पडली. जलील ३,४१,४८०, खैरे २,९३,४५०, आणि वंचितचे अफसर खान सुमारे ६९ हजार. मराठवाड्यातल्या आठ जागांपैकी महायुतीला मिळालेली ही एकच. लगतच्या जालन्यात, फुलंब्री-पैठणची हीच कडेची गावे ज्यात आहेत तिथे, मराठा आंदोलनाच्या धगीत भाजपचे रावसाहेब दानवे लाखाहून अधिक मतांनी हरले. शेंद्र्याचा कामगार आणि गारखेड्याचा कामगार एकाच बसने कामावर जातात. त्यांच्या खासदारांचे पक्ष मात्र एकमेकांच्या विरुद्ध निघाले. अर्थात यात मतदाराच्या कलापेक्षा रिंगणाचा वाटा मोठा आहे. औरंगाबादेत विरोधी मत मशाल, एमआयएमचा पतंग आणि वंचित यांत तीन ठिकाणी वाटले गेले, जालन्यात ते काँग्रेसचे कल्याण काळे यांच्या मागे एकवटले.

दोन्ही सेनांची मते मिळवली तर साडेसात लाखांवर जातात, म्हणजे सेनेच्या २०१४ च्या मतांपेक्षाही कितीतरी पुढे. ‘सेनेचा मतदार संपला’ हे निदान २०१९ नंतर काही काळ मान्य पावले होते, त्याला या बेरजेने उत्तर दिले. तरी ही बेरीज सरळ धरता येत नाही. खैरे यांच्या मतांत काँग्रेस आणि राष्ट्रवादीचा, काही प्रमाणात दलित-मुस्लिमांचाही वाटा होता. भुमरे यांच्या मतांत भाजपचे संघटन होते, विशेषतः गंगापूरमध्ये, जिथे आमदार प्रशांत बंब यांचे जाळे जुने आहे. मतदानकेंद्रनिहाय आकडे फॉर्म २० मध्ये मिळतात. ते वाचतानाही केंद्राची हद्द आणि वसाहतीची हद्द जुळतेच असे नाही.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत जलील लोकसभेला ज्या ‘पूर्व’मध्ये पुढे होते तिथूनच उभे राहिले. एका अंगाला किराडपुऱ्यासारख्या मुस्लिम वस्त्या आणि दुसऱ्या अंगाला गारखेडा असलेल्या या मतदारसंघात अतुल सावे २,१६१ मतांनी निवडून आले. ‘पश्चिम’मध्ये, सातारा-देवळाई आणि बजाजनगरसह, संजय शिरसाट सलग चौथ्यांदा विजयी झाले.