आंग्कोर वाट : प्रवाशांची प्रयोजने

एखाद्या स्थळास लोक का जातात, हा प्रश्न बहुधा त्या स्थळाच्या वर्णनानेच मिटविला जातो. स्थळ भव्य आहे, प्राचीन आहे, म्हणून लोक जातात, एवढे सांगितले की लेखकाचे समाधान होते. कंबोडियातील आंग्कोर वाट या देवालयाच्या बाबतीत हे उत्तर पुरेसे ठरत नाही. तेथे आलेल्या प्रवाशांच्या गेल्या सातशे वर्षांतील नोंदी एकत्र वाचल्या असता असे दिसते की, दगड तेच असले तरी प्रत्येक जण निराळ्याच स्थळी जाऊन आला.

बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ख्मेर राजा दुसरा सूर्यवर्मा याने हे विष्णुमंदिर उभारण्यास प्रारंभ केला. पुढे ते बौद्धांचे झाले. 1296 साली चिनी वकिलातीबरोबर आलेल्या चौ ता-क्वान याने राजधानीचे वर्णन मोठ्या बारकाईने केले. परंतु नगराबाहेरील एका प्रचंड पाषाणवास्तूस तो लू पान याची समाधी म्हणतो. लू पान हा चिनी कारागिरांचा आद्य पुरुष. ही वास्तू म्हणजे आंग्कोर वाटच, असे अभ्यासक मानतात.

याहून उद्बोधक उदाहरण जपानी यात्रेकरूंचे आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी जपानी व्यापारी जहाजे कंबोडियापर्यंत येत असत, आणि त्यांतून आलेल्या लोकांनी मंदिराच्या स्तंभांवर शाईने लिहिलेले लेख आजही अंशतः दिसतात. त्यांपैकी 1632 चा मोरिमोतो उकोनदायू याचा लेख प्रसिद्ध आहे. दूरचा समुद्र ओलांडून आपण येथे आलो व माता-पित्यांच्या पुण्यार्थ बुद्धाच्या चार मूर्ती अर्पण केल्या, असे तो सांगतो. त्या काळच्या जपान्यांच्या समजुतीप्रमाणे हे स्थळ श्रावस्तीचे जेतवन होते! जेथे अनाथपिंडिकाने बुद्धास विहार दिला, तेथेच आपण पोहोचलो, अशी त्यांची श्रद्धा. 1635 मध्ये जपानी शासनाने प्रजेस परदेशगमनाची बंदी केली आणि ही यात्रा थांबली. तथापि मिटो येथे ‘जेतवनाचा’ म्हणून जपून ठेवलेला एक नकाशा होता; त्याची 1715 ची प्रत उपलब्ध आहे. तो वस्तुतः आंग्कोर वाटचा आराखडा आहे, हे विसाव्या शतकात ध्यानात आले. भूगोल चुकीचा होता, मोजणी मात्र पुष्कळशी बरोबर होती.

युरोपीय लेखकांची तऱ्हाही फारशी वेगळी नव्हती. काही स्पॅनिश लेखकांनी या वास्तूंचे कर्तृत्व अलेक्झांडरकडे किंवा रोमनांकडे देऊन टाकले. त्या मानाने गोव्याच्या पोर्तुगीज दप्तरखान्याचा प्रमुख दियोगो दो कौतो याने एका धर्मोपदेशकाकडून ऐकून लिहिलेले वर्णन पुष्कळ संयमित आहे. गोव्यात राहून इतिहास लिहिणाऱ्या या गृहस्थाचे ते प्रकरण मात्र 1958 पर्यंत अप्रकाशितच राहिले.

ते आधी छापले गेले असते, तर आंरी मुओने 1860 साली आंग्कोरचा ‘शोध’ लावला ही कथा इतकी रुजली असती काय? मुओचे प्रवासवर्णन 1863 मध्ये पॅरिसच्या एका नियतकालिकात आले. त्याच वर्षी कंबोडियावर फ्रेंच संरक्षण लादले गेले. स्वतः मुओने आपण पहिलेच, असे म्हटले नव्हते. परंतु अरण्यात हरवलेले, वारस नसलेले नगर ही कल्पना साम्राज्यास सोयीची होती, आणि प्रवाशास मोहक.

वस्तुतः वारस तेथेच होते. सोळाव्या ते अठराव्या शतकांतील ख्मेर लेख मंदिरात आहेत. 1577 च्या लेखात राजमाता, आपल्या पुत्राने या वास्तूचा जीर्णोद्धार केल्याबद्दल आनंद व्यक्त करते. आणि बौद्ध झालेल्या त्या स्थानास ‘विष्णुलोक’ या जुन्याच नावाने संबोधते. मुओ आला तेव्हाही मंदिरात भिक्षू राहत होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी दर्शनी भागापुढील त्यांचे मठ हलविण्यात आले, कारण दृश्य मोकळे हवे होते. एका अर्थी प्रवाशाच्या कल्पनेतील ओसाडी प्रत्यक्षात आणावी लागली.

जवळच्या ता प्रोम मंदिरात याची उलट बाजू दिसते. फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी ते बुद्धिपुरस्सर वृक्षांच्या मुळांत गुंतलेले ठेवले; अवशेष सापडले तेव्हा कसे होते, हे पाहुण्यास कळावे म्हणून. 2018 साली सुमारे 26 लाख परदेशी प्रवाशांनी आंग्कोरची तिकिटे घेतली. त्यांतील पुष्कळ जण या मुळांपुढे छायाचित्रासाठी रांग लावतात. ख्मेर कुटुंबे मात्र नववर्षाच्या सणास आंग्कोर वाटच्या बुद्धमूर्तींपुढे उदबत्त्या लावून जातात.