प्रलयानंतरचा कावळा

मराठी मुलाला प्रलयाची पहिली ओळख पुराणिक करून देत नाही. ती आजी करून देते, आणि तीही घास भरवता भरवता. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. मोठा पाऊस येतो आणि शेणाचे घर वाहून जाते. मग ओलाचिंब कावळा दार ठोठावीत उभा राहतो, आणि चिमणी आतून एकेक सबब सांगत राहते. सगळे वाहून गेल्यावर जो उरला त्याचे काय करायचे, हाच या गोष्टीचा प्रश्न आहे. विलायतेत आज ज्या कादंबऱ्यांना प्रलयोत्तर म्हणतात, त्यांचाही प्रश्न याहून फारसा वेगळा नाही.

ही गोष्ट अलीकडची नव्हे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'त साळई आणि काउळा यांची शेणामेणाच्या घरांची हीच कथा चक्रधरस्वामींच्या तोंडी आहे. म्हणजे मराठी गद्याच्या आद्य ग्रंथातच हा बेघर कावळा येऊन बसला आहे. बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यात गोदावरीकाठी महानुभावांचे आत्मतीर्थ पांचाळेश्वर आहे. श्रीदत्तात्रेयप्रभूंच्या भोजनाचे ते स्थान, अशी पंथाची श्रद्धा. गोदेचा पूर पाहिलेल्या तिथल्या माणसाला शेणाचे घर वाहून जाणे म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगायला नको.

परंतु कावळा म्हणजे नुसता बुडालेला शेजारी, एवढेच आपल्या परंपरेचे म्हणणे नाही. 'योगवासिष्ठा'च्या निर्वाणप्रकरणात भुशुंडाचे आख्यान आहे. जगातल्या सगळ्या अद्भुतकथा पणाला लावल्या तरी या कावळ्याची सर येणारे पात्र मिळणे कठीण, असे माझे मत आहे. इंद्रसभेत दीर्घायुषी जनांची गोष्ट निघते, तेव्हा मेरूच्या शिखरावर कल्पवृक्षावर राहणाऱ्या या कावळ्याचे नाव वसिष्ठांच्या कानी पडते, आणि ते मुद्दाम त्याच्या भेटीस जातात. चंड नावाच्या कावळ्याच्या एकवीस मुलांपैकी हा एक; बाकीचे भाऊ युगांमागून युगे पाहून देह टाकून गेले, हा एकटा उरला. प्रलयात तो तगतो कसा? बारा सूर्य तापू लागले की तो वारुणी धारणा करून शीतळ राहतो. पर्वत उडवणारे वारे सुटले की पर्वताची धारणा करून अचल होतो. सगळीकडे पाणी झाले की वायूची धारणा करून वर तरंगतो. नवी सृष्टी झाली की पुन्हा आपल्या घरट्यात परत. घरटे मात्र त्याला तेच हवे, ही मोठी कावळ्यासारखीच गोष्ट आहे.

मग तो आपल्या आठवणी सांगतो. एके काळी पृथ्वीवर झाडही नव्हते, डोंगरही नव्हता. एके काळी अकरा हजार वर्षे ती राखेने भरलेली होती. आणि वसिष्ठांना तो म्हणतो की हा तुमचा आठवा जन्म. ब्रह्मर्षीलाही आपला इतिहास कावळ्याकडून ऐकावा लागावा, यातली गंमत लिहिणाऱ्याला नक्कीच कळली होती. तुलसीदासांच्या रामायणात हाच काकभुशुंडी गरुडाला रामकथा सांगताना दिसतो.

पश्चिमेकडेही जुन्या कथांत कावळ्याच्या जातीचा पक्षी प्रलयानंतरच येतो. गिल्गमेशच्या बाबिलोनी महाकाव्यात जलप्रलय ओसरल्यावर नावेतून सोडलेला डोमकावळा परत येत नाही, तेव्हा जमीन उघडी पडल्याचे कळते. नोहाही आधी तोच पक्षी सोडतो. पुढे मात्र त्याच्याकडे अपशकुनाचे आणि हेरगिरीचे काम आले. स्टीफन किंग यांच्या 1978 च्या 'द स्टँड'मध्ये महामारीने जग ओस पडल्यावर दुष्ट फ्लॅग कावळ्याच्या रूपाने पाळत ठेवतो. कॉर्मॅक मॅकार्थी यांच्या 2006 च्या 'द रोड'मध्ये तर राखेने भरलेल्या पृथ्वीवर मुलगा बापाला कावळ्यांविषयी विचारतो, आणि कावळे आता पुस्तकांतच आहेत हे दोघांनाही कबूल करावे लागते. भुशुंडाच्या आठवणीतलीच ही राख. पण ती पाहून पुढे सांगायला इथे कावळा नाही. तेवढ्यानेच ते जग खरोखर संपल्यासारखे वाटते.

पांचाळेश्वराजवळच राक्षसभुवन आहे. ते शनीचे प्रसिद्ध ठाणे. शनीच्या वाहनाविषयी मतभेद आहेत: ध्यानश्लोकांत तो गिधाडावर बसतो, लोकांच्या तसबिरींत पुष्कळदा कावळ्यावर. याच राक्षसभुवनी 10 ऑगस्ट 1763 रोजी थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेचा मोड केला. निजामअली नदीपार झाला होता, निम्मी फौज अलीकडे अडकली होती, गोदा भरून वाहत होती. दिवाण विठ्ठल सुंदर तिथेच पडला. अशा रणांगणानंतरचे काम आधी गिधाडांचे आणि मग कावळ्यांचे, हा जुन्या काव्यांतला ठरलेला क्रम. आज तो क्रम मोडला आहे. जनावरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने, ती जनावरे मेल्यावर त्यांचे मांस खाणारी गिधाडे मरतात, हे 2004 मध्ये सिद्ध झाले आणि 2006 मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरासाठीच्या उत्पादनावर बंदी आली. तोवर 1992 ते 2007 या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शेकडा 99 हून अधिक नाहीशी झाली होती. शनीच्या दोन वाहनांपैकी एकावर प्रलय येऊन गेला, दुसरे उरले. कथाकाराला हे सुचले असते तर आपण त्याला अतिरंजित म्हटले असते.

उरलेल्याला पुढचे विचारावे, हा आपला जुना रिवाज. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त कावळ्याच्या शकुनांवर स्वतंत्र अध्याय आहे: वैशाखात निरोगी झाडावर घरटे बांधले तर सुकाळ, वाळक्या किंवा काटेरी झाडावर बांधले तर दुष्काळाचे भय. बीडसारख्या, 1972 चा दुष्काळ विसरू न शकणाऱ्या मुलखात वैशाखात झाडाकडे मान वर करून पाहणारा म्हातारा भाबडा ठरवणे सोपे आहे. मला त्याची नजर तर्कशुद्ध वाटते. पाणी कुठे आहे याची खबर जिवंत प्राण्याकडूनच काढायची, हेच नोहानेही केले होते.

आणि माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी पिंड ठेवून आप्त लांब उभे राहतात. कावळा शिवत नाही, मग एकेक जण पुढे येऊन हात जोडतो: पोरीचे लग्न करून देऊ, कर्ज फेडू, भावाला अंतर देणार नाही. तरीही नाहीच शिवला, तर दर्भाचा कावळा करतात आणि तो पिंडाला लावतात. कावळा न येण्याची ही सोय शास्त्रकारांनी फार पूर्वीच करून ठेवली आहे. पण ती वापरायची पाळी आली की घाटावरची माणसे एकमेकांकडे बघेनाशी होतात, आणि दर्भ हातात घेतल्यावरही कोणीतरी म्हणतो, अजून थोडे थांबू या.