महामारीतील टपालसेवा आणि कर्मचाऱ्यांची सुरक्षितता : जालना जिल्हा

कोविड-19 महामारीच्या काळात पोस्टमन, डाकघरातील खिडकीवरचे कर्मचारी, टपालाची वर्गवारी करणारे कर्मचारी आणि ग्रामीण डाकसेवक यांना कामावर असताना पत्करावा लागलेला संसर्गाचा धोका, त्यावर योजलेले उपाय आणि त्या उपायांतील उणिवा. टपालखात्याच्या महाराष्ट्र परिमंडळातील जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी स्थापन झाला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा हे त्याचे आठ तालुके. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे 19.59 लाख असून त्यांतले ऐंशी टक्के लोक खेड्यांत राहतात. साहजिकच येथे टपालसेवेचा भार मुख्यतः गावोगावच्या शाखा डाकघरांवर आणि ती चालवणाऱ्या डाकसेवकांवर आहे.

24 मार्च 2020 रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने देशव्यापी टाळेबंदीचा आदेश काढला. त्यात बंदीतून वगळलेल्या सरकारी कार्यालयांच्या यादीत डाकघरांचा स्पष्ट उल्लेख होता. सिकंदराबाद–मनमाड लोहमार्गावरील प्रवासी गाड्या बंद झाल्या, एसटी थांबली आणि टपालाच्या थैल्या पोचवण्याची नेहमीची साखळी तुटली. खात्याने स्वतःच्या मोटारी लांब पल्ल्याच्या रस्त्यांवर उतरवल्या. औषधे, संरक्षक पोशाख आणि पुढे तपासणीचे संचही टपालाने जाऊ लागले.

सुरुवातीला भीती कागदाची होती. पुठ्ठ्यावर विषाणू सुमारे एक दिवस आणि प्लास्टिकवर तीन दिवसांपर्यंत टिकू शकतो, असा प्रयोगशाळेतील निष्कर्ष मार्च 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे पत्र, पार्सल आणि ते आणणारा माणूस या तिघांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. पुढच्या वर्षभरात चित्र पालटले. वस्तूंना हात लागून होणारा प्रसार तुलनेने कमी असून बंद जागेतील श्वास आणि जवळचा सहवास हाच मोठा धोका असल्याचे स्पष्ट झाले. टपाल कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा होता, कारण टाळेबंदीत त्यांच्याकडे आलेले सर्वांत मोठे काम पत्रांचे नव्हते, पैशांचे होते.

एप्रिल ते जून 2020 या तीन महिन्यांत महिलांच्या जनधन खात्यांत दरमहा 500 रुपये जमा झाले. बँकांपुढे झुंबड उडू नये म्हणून पहिल्या हप्त्यासाठी खातेक्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार 3 ते 9 एप्रिलदरम्यानचे दिवस वाटून देण्यात आले. त्याच सुमारास शेतकरी सन्मान निधीचा हप्ता आला. निराधार योजनेचे मानधन तर होतेच. तालुक्याच्या बँकेपर्यंत जायला वाहन नव्हते. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या आधार-आधारित प्रणालीमुळे खाते कोणत्याही बँकेत असले, तरी अंगठा लावून पोस्टमनकडून एका वेळी दहा हजार रुपयांपर्यंत रक्कम घेता येत होती. ही सोय गावकऱ्यांच्या मोठ्या उपयोगी पडली, आणि तिच्यातला धोका डाकसेवकाच्या वाट्याला आला.

या व्यवहाराची रीत जवळून पाहिली की धोका कुठे होता ते कळते. मोबाइलवर ग्राहकाची बँक निवडायची, आधार क्रमांक टाकायचा, रक्कम नोंदवायची आणि छोट्या यंत्राच्या काचेवर बोट ठेवायला सांगायचे. वर्षानुवर्षे कापूस वेचून, खुरपून झिजलेल्या किंवा म्हातारपणाने सुकलेल्या बोटांचा ठसा पहिल्या खेपेला सहसा उमटत नाही. मग बोट पुसायचे, दुसरे बोट लावून पाहायचे, आणि तरीही जमले नाही तर पोस्टमनने ते बोट आपल्या हातात धरून काचेवर दाबायचे. तोवर दोघेही एकाच पडद्यावर वाकलेले. त्यानंतर नोटा मोजून द्यायच्या. सहा फूट अंतर राखून हे काम करताच येत नाही.

इथे सरकारी धोरणातील एक ठळक विसंगती नोंदवायला हवी. संसर्ग पसरू नये म्हणून केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांची बोटाच्या ठशाने होणारी हजेरी 6 मार्च 2020 रोजीच स्थगित केली. कार्यालयातल्या परिचितांनी एकाच यंत्राला बोट लावणे धोक्याचे ठरले. गावभरच्या लोकांनी पोस्टमनच्या हातातल्या यंत्राला बोट लावणे मात्र सेवा म्हणून वाढवले गेले. ब्रिटनच्या रॉयल मेलने त्या काळात पार्सल घेणाऱ्याची सही घेणे थांबवले; पोस्टमन स्वतःच नाव नोंदवी. सहीला असा पर्याय निघू शकला. ठशाला पर्याय देणे अवघड असले, तरी त्यासाठी पुरेसा प्रयत्न झाला असे म्हणता येत नाही.

19 मार्चच्या आदेशाने केंद्रीय कार्यालयांत निम्म्या कर्मचाऱ्यांनी आळीपाळीने यावे असे ठरले. अत्यावश्यक सेवांना तो लागू नव्हता. तसाही एक-दोन माणसांवर चालणाऱ्या शाखा डाकघरात आळीपाळीला वाव नव्हता. शिवाय शाखा डाकघरासाठी जागा देण्याची जबाबदारी शाखा डाकपालावर असते. अनेक ठिकाणी ती त्याच्या राहत्या घराची पुढची खोली असते. पैसे काढायला आलेल्यांची रांग लागते ती त्याच्या ओसरीवर, आई-वडील आणि लेकरे आत असताना. मास्क आणि सॅनिटायझर पुरवून हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता.

एप्रिल 2020 मध्ये दळणवळण मंत्रालयाने, कामावर असताना कोविडने मृत्यू आल्यास टपाल कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला 10 लाख रुपये देण्याचे जाहीर केले. डाकसेवकांचा त्यात समावेश होता, ही मोलाची गोष्ट. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी त्याआधी जाहीर झालेले विमासंरक्षण 50 लाखांचे होते. हवेतून होणाऱ्या आजाराची लागण कामावरच झाली हे दाखवणे कोणत्याही कुटुंबाला कठीण, ही या तरतुदीची अंगभूत अडचण होती.

लसीकरणात टपाल कर्मचारी मागे राहिले. 16 जानेवारी 2021 पासून आरोग्य कर्मचारी आणि फेब्रुवारीत पोलीस, सफाई, महसूल आदी आघाडीवरचे कर्मचारी यांना लस मिळू लागली. केंद्राने ठरवलेल्या त्या सुरुवातीच्या गटांत टपालखाते नव्हते. 45 वर्षांवरील सर्वांना 1 एप्रिलपासून, तर 18 ते 44 वयोगटाला 1 मेपासून लस खुली झाली. पण तुटवड्यामुळे महाराष्ट्राला या तरुण गटाचे लसीकरण मेच्या मध्याला थांबवावे लागले. तो निर्णय जाहीर करणारे तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे याच जिल्ह्यातील घनसावंगीचे आमदार होते. डाकसेवकांची भरती 18 ते 40 या वयात होते. म्हणजे दुसरी लाट भरात असताना दारोदार फिरणाऱ्या तरुण डाकसेवकांची पाळी सर्वांत शेवटी आली.

डाकसेवकाचे स्थान कायद्यातही विचित्र आहे. हे पद म्हणजे नियमित सेवेबाहेरचे, पण नागरी पदच, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये राजम्मा खटल्यात दिला. तरीही त्याचा मोबदला रोजच्या चार-पाच तासांच्या हिशेबाने ठरतो आणि विभागीय कर्मचाऱ्यांसारखी वैद्यकीय खर्चाची भरपाई त्याला मिळत नाही. महामारी चालू असतानाच, सप्टेंबर 2020 मध्ये, संसदेने व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता संमत केली. तिच्या पहिल्याच कलमाने केंद्र सरकारची कार्यालये तिच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत.