स्वस्त सहल.. पण कुणाला स्वस्त?

परवा रात्री पुण्याहून नातीचा फोन आला. "आजी, जानेवारीत आम्ही सहाजणी तीन दिवस कुठेतरी जाणार आहोत. खर्च कमी हवा, निसर्गाला त्रास नको आणि जिथे जाऊ तिथल्या माणसांचा फायदा व्हायला हवा. सुचव ना काहीतरी."

मी म्हटलं, "अगं, ही तर वारीच झाली की!"

ती हसली, मीही हसले. पण फोन ठेवल्यावर तो विषय काही डोक्यातून जाईना. इतकी वर्षं शाळेत इतिहास शिकवला, ती खोड कुठे जाणार!

आता बघा, आमच्या सोलापूर जिल्ह्यात दर आषाढात लाखो माणसं पायी येतात. आळंदी ते पंढरपूर अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं ते एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी. हे शिंद्यांच्या पदरचे सरदार. म्हणून तर दिंड्यांचे क्रमांक, तळ, मुक्काम या सगळ्यात लष्करी शिस्त दिसते. वारकरी आपल्या दिंडीत भिशी भरतो, त्यात सर्वांचा स्वयंपाक एकत्र होतो. झोपायला राहुटी. सामान पूर्वी बैलगाडीत असे, आता ट्रकमध्ये. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी.. मुक्कामाच्या गावांतली माणसंही जमेल तसं खाऊ-पिऊ घालतात. अडीचशे किलोमीटरचा प्रवास इतक्या कमी पैशांत दुसरा कुठला होत असेल?

पुढे रेल्वे आली. १८९७ साली बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी सुरू झाली आणि काही वर्षांनी ती कुर्डुवाडीहून पंढरपूरला पोचली. माझ्या आईने त्या गाडीतून केलेल्या एकादशीच्या प्रवासाच्या गोष्टी आम्ही लहानपणी खूप ऐकल्या. तिकडे इंग्लंडात थॉमस कुकने ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लॉफबरोला माणशी एक शिलिंगात खास गाडी नेली होती. कशासाठी? तर दारूबंदीच्या मेळाव्यासाठी! म्हणजे स्वस्त सहल आणि समाजकार्य ही जोडी काही आजची नाही.

इथपर्यंत सगळं छान वाटतं. पण इतिहासात शिरलं की दुसरी बाजूही दिसते.

चोखोबा आमच्याच मंगळवेढ्याचे. १३३८ साली गावकुसाचं बांधकाम करताना भिंत कोसळून गेले. त्यांची समाधी आहे विठ्ठलमंदिराच्या महाद्वारापाशी, पायरीच्या बाहेर. त्यांच्या लोकांना आत जायला पुढे सहाशे वर्षं लागली. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केलं, तेव्हा ते दार उघडलं. इरावती कर्वे वारीत चालल्या होत्या. 'परिपूर्ती'तला त्यांचा 'वाटचाल' हा लेख पुष्कळांनी वाचला असेल. एकाच दिंडीतली माणसं जातीप्रमाणे वेगळ्या पंगतीला बसतात, याची खंत त्यात आहे. सोबत चाललं म्हणजे आपोआप समता आली, असं नाही.

आणि स्वच्छता? लाखो माणसं चंद्रभागेच्या वाळवंटात उतरायची, आपापल्या गावी परतायची. मागे राहिलेली घाण कोण उचलत होतं? ज्यांना ते काम जन्माने चिकटलेलं होतं, ती माणसं. हे आपल्याला इतकं सवयीचं झालं होतं, की २०१० नंतरच्या दशकात तो प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला तेव्हा कुठे हालचाल झाली. वाळवंटातल्या मुक्कामावर निर्बंध आले, नदीपलीकडे ६५ एकरांचा तळ झाला, पालखीमार्गावर फिरती शौचालयं आली. वारी त्याआधीही स्वस्तच होती. पण तो स्वस्तपणा कुणाच्या तरी हातांवर उभा होता.

हे सगळं मी आज शहाण्यासारखं लिहिते आहे. आता माझीच एक गोष्ट सांगते. ती आजवर घरातही फारशी बोललेले नाही.

१९७८ चा डिसेंबर. नोकरीत नवी होते, उत्साह दांडगा. पंढरपूर-मंगळवेढा अशी मुलांची सहल काढायची ठरवली. कमीत कमी खर्चात हं! प्रत्येकाने घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणायची, अंथरायला-पांघरायला आपली सोलापुरी चादर. प्रवास एसटीने. मुक्काम मंगळवेढ्याच्या बाजूच्या एका खेड्यातल्या शाळेत, तोही फुकट. चाळीस मुलं, आम्ही दोघी शिक्षिका. वर्गणी इतकी कमी होती, की एरवी कधीच सहलीला न आलेली, विडी कामगार आयांची मुलंसुद्धा आली. मी मनातून फुशारले होते.

शाळेच्या आवारात पाण्याचे रांजण आणि एक लोखंडी टाकी होती, काठोकाठ भरलेली. सकाळी मुलांनी मजेत अंघोळी केल्या, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवलं. मी हसत बघत होते. शहरातली आम्ही, पाणी म्हणजे नळाला येणारं!

निघताना तिथल्या गुरुजींना मी म्हटलं, "आज मुली कमी दिसतात वर्गात." ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "पाण्याला गेल्यात, बाई. लांबनं आणावं लागतंय. येतील दुपारपातुर."

एवढंच. त्यात ना राग होता, ना टोमणा. म्हणूनच ते जास्त लागलं. आमच्या मुलांना एक दिवस इतिहास दिसावा म्हणून त्या मुलींचा शाळेचा अर्धा दिवस गेला होता. आमच्या हिशेबाच्या वहीत मुक्कामापुढे मी 'शून्य रुपये' लिहिलं होतं. तो आकडा खोटा होता.

परत येऊन मुख्याध्यापकांनी सहलीचं कौतुक केलं, ते मी मुकाट्याने ऐकून घेतलं. त्या शाळेला नंतर एक पत्र पाठवलं आणि सोबत गोष्टीच्या पुस्तकांचं पार्सल. त्याने त्या मुलींचा दिवस परत आला नाही, हे मला माहीत आहे.

बऱ्याच वर्षांनी रिचर्ड शिरमान या जर्मन शिक्षकाबद्दल वाचलं. १९०९ च्या ऑगस्टमध्ये तो मुलांना घेऊन पायी सहलीला निघाला होता. वाटेत वादळी पावसाने गाठलं आणि रात्र एका गावातल्या शाळेत, पेंढ्यावर काढावी लागली. त्या रात्री त्याला कल्पना सुचली, की सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, तर प्रवासी मुलांसाठी त्या का उघडू नयेत? त्यातूनच युथ हॉस्टेलची चळवळ उभी राहिली आणि १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं वसतिगृह झालं. मीही शाळेतच उतरले होते. पण त्याच्या डोळ्यांपुढे रिकामी शाळा होती आणि मी भरलेल्या शाळेत चाळीस मुलं नेली होती.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी बऱ्याच सहली काढल्या. मुक्कामाच्या गावाला आधी पत्र टाकून पाण्याचं विचारायचं, हा नियम केला. पाणी नसेल तर मुक्काम दुसरीकडे. अंघोळीची गोळी! खरकटं, कागद पोत्यात भरून सोबत परत आणायचे. आणि जेवण शक्यतो गावातल्याच कुणा बाईंकडून पैसे देऊन करून घ्यायचं. त्यामुळे वर्गणी थोडी वाढली. ज्यांना ती झेपत नव्हती, त्यांचे पैसे बाकीच्यांनी वाटून घेतले.. वारीतल्या भिशीसारखेच.

असो. नातीला मी मंगळवेढाच सुचवलं आहे. जानेवारीत तिथे हुरडा असतो. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीबद्दल काय सांगू! एसटीने जा, शेतकऱ्याच्या घरी उतरा, त्याने सांगितलेले पैसे घासाघीस न करता द्या, आणि परतताना पंढरपुरात चोखोबांच्या समाधीपाशी दोन मिनिटं थांबा, एवढंच तिला म्हटलं. पाण्याची ती गोष्टही सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही.

काल पुन्हा फोन आला. "आजी, ज्यांच्याकडे उतरणार आहोत त्या काकूंना विचारलं. त्यांच्याकडे आता नळ आलाय, पण पाणी एक दिवसाआड येतं. आम्ही सहाजणी दोन बादल्यांत भागवू."

तुम्हीही अशा सहली केल्या असतील, एखादी चूकही झाली असेल. जरूर कळवा.